कबाडीतलं सेंट्रल लॉक: काय उचलावं, काय तिथंच सोडावं

विदर्भात जुन्या कारचा सुटा भाग शोधायचा तर ठिकाणं दोनच. नागपूर, अमरावती, अकोल्याच्या बाहेर महामार्गाला लागून पत्र्याच्या कुंपणाआड पसरलेली मोठी कबाडी यार्डं, नाहीतर तालुक्याच्या गावी गॅरेजच्या मागं गवतात उभ्या असलेल्या चार-सहा गाड्या. हा आढावा दोन्हीकडं मिळणाऱ्या एकाच मालाचा आहे: सेंट्रल लॉकचे, म्हणजे किल्लीनं किंवा रिमोटनं सगळी दारं एकदम लावणाऱ्या यंत्रणेचे, वापरलेले भाग. त्यात दरवाज्यातली लॉक मोटर, मोटरीसकट अख्खं लॉक, सळया, क्लिपा, कनेक्टर, दारातली वायरिंग, मोटरींना वीज सोडणारं कंट्रोल युनिट आणि रिमोट हे सगळं आलं.

निकाल आधी सांगतो, कारण बहुतेकांना तेवढाच हवा असतो. कंपनीनं बसवलेलं, मोटर आतच असलेलं लॉक कबाडीतून जरूर घ्यावं. सळया, क्लिपा, कनेक्टर आणि दार-खांबामधली रबरी नळी वायरीसकट मिळाली तर ती आधी उचलावी. बाहेरून बसवलेल्या किटच्या चौकोनी मोटरी घेऊ नयेत. कंट्रोल युनिट आणि रिमोट फुकट दिले तरी नकोत.

चौकोनी मोटरी का नकोत? कारण नव्याच स्वस्त आहेत. चार दरवाज्यांचा साधा किट, युनिट आणि वायरिंग धरून, हजार-दीड हजारांच्या आसपास पडतो आणि सुटी मोटर त्याहून कितीतरी कमीत. मारुती ८०० आणि ओम्नीत दिसणारं सेंट्रल लॉक जवळजवळ नेहमी असल्याच किटचं असतं. ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, ओम्नीचं २०१९ साली. म्हणजे कबाडीतल्या त्यांच्या मोटरी दारात राहून उन्हाळे आणि धूळ खाऊन बसलेल्या आहेत. आतला प्लॅस्टिकचा दाता ठिसूळ झालेला असतो, टोकाचा रबर वाळून भुगा होतो. पन्नास-शंभर रुपये वाचवायला पुन्हा दाराचं पॅड (आतलं आवरण) उघडावं लागलं, तर मेकॅनिकची मजुरीच मोटरीच्या वर जाते.

कंपनीच्या लॉकचं गणित उलटं आहे. तिथं मोटर, लॉकचा पंजा (चौकटीवरचं कडं पकडणारा भाग), दार उघडं-बंद सांगणारा स्विच हे सगळं एकाच खोक्यात असतं. नव्या अस्सल भागाची किंमत कबाडीतल्या मालाच्या कित्येक पट असते, आणि जुन्या मॉडेलचा माल तालुक्याच्या दुकानात मागवूनही लवकर येत नाही. स्थानिक नक्कल मिळते, पण तिचे सळई अडकवायचे कान एखाद्या मिलिमीटरनं इकडंतिकडं असतात. मग हँडल जड लागतं किंवा दार आतून लॉक करायची खुंटी अर्धीच खाली जाते. कबाडीतलं अस्सल लॉक निदान मापात बसतं.

जायच्या आधी घरचं दार तपासा

कबाडीतून आणलेल्या कितीतरी मोटरी वाया जातात, कारण मुळात मोटर बिघडलेलीच नसते. चारही दारं एकदम बंद पडली असतील तर फ्यूज, युनिट किंवा ड्रायव्हरच्या दाराचा स्विच पाहायचा. एकच दार चालत नसेल तर मोटर किंवा त्या दाराची वायर. ड्रायव्हरच्या दारात किल्ली फिरवली की फक्त तेच दार लागतं आणि बाकीची गप्प राहतात, तर दोष ड्रायव्हरच्या लॉकमधल्या स्विचचा असण्याची शक्यता जास्त. लॉक लागून लगेच उलटं उघडत असेल तर सळई कुठंतरी अडते आहे, मोटर पूर्ण फेरा मारत नाही आणि स्विच जुन्याच स्थितीत राहतो. बॅटरी उतरलेली असली तरी हेच होतं.

आवाज ऐका. ‘कट्’ असा आवाज येतो पण खुंटी हलत नाही, तर दाता फिरतोय, क्लिप निघालीय किंवा गिअर घसरतोय. आवाजच नाही, तर वीज पोचते का ते पाहा. इथं मल्टिमीटर फसवतो. युनिट मोटरीला झटका देतं तो अर्ध्या ते एक सेकंदाचा. मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत तो संपून जातो. शिवाय दहा तारांपैकी नऊ तुटलेल्या वायरीतही भार नसताना मीटर १२ व्होल्टच दाखवतो. त्यापेक्षा इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब मोटरीच्या दोन पिनांवर लावा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. लॉक-अनलॉकला झळाळून चमकला तर वायर बरी आहे आणि मोटर गेलेली. मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर दार आणि खांबाच्या मधली रबरी नळी उलगडा. रोज दार उघड-बंद होताना वायरी तिथंच वाकतात आणि तिथंच तुटतात. इन्सुलेशन वरून धड दिसतं, आतलं तांबं तुटलेलं असतं. एकेक वायर हलक्या हातानं ओढून पाहा, तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते.

बल्ब जोडताना तो दोन वायरींच्या मध्येच जोडायचा, एक टोक बॉडीला नाही. बहुतेक गाड्यांत मोटरीच्या दोन्ही वायरी आराम असताना युनिटच्या रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) ग्राउंडला टेकलेल्या असतात; लॉक करताना एक १२ व्होल्टवर जाते, अनलॉकला दुसरी. वायर तुटलेली निघाली तर कबाडीत जायचं कारणच उरत नाही.

कोणती गाडी निवडायची

गाडी पुढून किंवा मागून ठोकलेली असावी. बाजूनं ठोकलेल्या गाडीचं दार वरून सरळ दिसलं तरी लॉकचा पंजा आणि सळया पिळलेल्या असतात. जळलेली गाडी तर नकोच. पुरात बुडालेली गाडी ओळखायची असेल तर पॅड काढल्यावर दाराच्या आतल्या पत्र्यावर वाळलेल्या गाळाची आडवी रेघ पाहा. लॉक त्या रेघेच्या खाली असेल तर सोडून द्या. आज चालेल, पावसाळ्यात बंद पडेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या गाड्यांत दाराच्या तळाला गंज जास्त दिसतो. वणी-चंद्रपूरकडच्या गाड्यांत कोळशाची बारीक धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळून काळा लगदा झालेला असतो. लगदा धुता येतो, गंज नाही. म्हणून दोघांत निवड करायची वेळ आली तर कोळसेवाली घ्या.

कोणतं दार, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. घरगुती वापराच्या गाडीत ड्रायव्हरचं दार सर्वांत जास्त उघडलं जातं, पण सेंट्रल लॉक आहे म्हटल्यावर मोटरी चारही सारख्याच फिरतात. फरक पडतो तो पंजा, हँडलचा दांडा आणि स्प्रिंग यांच्या झिजेत, आणि दार धाडकन आपटण्यानं बसणाऱ्या दणक्यांत. त्या हिशेबानं मागचं उजवं दार बहुधा सर्वांत कमी वापरलेलं असतं. टूरच्या गाडीत आणि काळी-पिवळीत मात्र हा हिशेब उलटतो. मागची दारंच जास्त मार खातात. गाडी टूरची होती की घरची, हे नंबर प्लेट नसली तरी मागच्या सीटच्या झिजेवरून कळतं.

लॉक उजवं-डावं, पुढचं-मागचं असं चार प्रकारचं असतं आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाही. मागच्या लॉकला मुलांच्या लॉकचा छोटा खटका असतो, ड्रायव्हरच्या लॉकला जास्त वायरी. गाडीचं मॉडेल एकच असून चालत नाही, पिढीही तीच हवी. काही गाड्या भावंडं असतात: इंडिका १९९८ साली आली आणि इंडिगो २००२ साली त्याच पायावर निघाली, म्हणून पुढच्या दारांचा माल तिथं ताडून पाहण्यासारखा. पण शेवटचा शब्द लॉकवर छापलेल्या भाग-क्रमांकाचा आणि कनेक्टरच्या पिनांचा. आपलं जुनं लॉक काढून सोबत न्यावं. ते जमत नसेल तर चारही बाजूंनी फोटो काढावेत, कनेक्टरचा समोरून.

कबाडीवाला सुट्या लॉकांचा ढीग दाखवून म्हणेल, “भाऊ, चालू गाडीतूनच काढले हायेत, निवडून घ्या.” ढिगातलं घेऊ नका. एक तर त्याचे कनेक्टर मुळाशी कापलेले असतात. दुसरं, ते उघड्यावर पडलेले असतात आणि पंज्याच्या फटीतून पाणी आत गेलेलं असतं. दारात बसलेलं लॉकच घ्यावं, स्वतः काढावं किंवा समोर काढून घ्यावं.

काढणी

सोबत न्यायचं सामान: १० मिमीचा सॉकेट, ३ नंबरचा चौफुली पेचकस, टी-३० टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट, हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, चपटा पेचकस, गंज सोडवायचा स्प्रे, सुती चिंधी, जाड हातमोजे, टॉर्च, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मार्कर. याशिवाय यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी, मगर-क्लिप लावलेल्या दोन वायरी आणि त्यांतल्या एकीत १० अँपिअरचा फ्यूज. हातमोजे विसरू नका. दाराच्या आतल्या पत्र्याची कड पात्यासारखी असते. दार उघडण्याआधी ते दोन-तीनदा ठोकावं, कारण उन्हात महिनोन्महिने उभ्या गाडीच्या दारात गांधीलमाश्यांचं पोळं असणं अगदी नेहमीचं आहे.

पहिलं काम काच वर करणं. काच खाली असेल तर लॉकपर्यंत हात जात नाही. पॉवर विंडो असेल तर गाडीत बॅटरी नसतेच, म्हणून काचेच्या मोटरीच्या वायरी शोधून आपल्या बॅटरीनं थेट चालवायची. हँडलवाली असेल तर सोपं. काच फुटलेली असेल तर जपून: फुटलेले दाणे लॉकच्या फटीत शिरलेले असतात आणि गिअरमध्ये एक दाणा अडकला तरी मोटर जाम होते.

मग पॅड. आतल्या हँडलच्या वाटीमागं एक स्क्रू, हातटेकणीच्या खाली दोन, कधी कडेला एखादा झाकणाखाली लपलेला. काच फिरवायच्या हँडलमागं घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते; हँडल आणि पॅड यांच्या फटीत चिंधी घालून मागंपुढं घासली की ती उडते. कुठं उडते त्यावर नजर ठेवा. नंतर पॅड खालच्या कोपऱ्यातून ओढा, क्लिपा एकेक सुटतात. आत चिकटवलेली प्लॅस्टिक शीट असते. ती फाडायची हरकत नाही, पण धड निघाली तर गुंडाळून सोबत घ्या.

आता सळया. लॉककडं तीन-चार सळया येतात: बाहेरच्या हँडलची, किल्लीच्या सिलिंडरची, आतल्या खुंटीची, आतल्या हँडलची. आतल्या हँडलला काही गाड्यांत सळईऐवजी केबल असते. टोकाला रंगीत प्लॅस्टिकची क्लिप असते. ती ओढायची नाही. सळईवरून बाजूला फिरवायची आणि मग सळई सरळ बाहेर काढायची. ओढली की कान तुटतो. उन्हानं कडक झालेल्या क्लिपवर आधी दोन थेंब तेल सोडा. सळया आपापल्या लॉकसोबत बांधून ठेवाव्यात. कोणती कुठली हे मार्करनं लिहिलं नाही तर घरी सगळ्या सारख्याच दिसतात. सळई वाकडी आहे असं वाटून सरळ करू नका. तो बाक कंपनीनंच दिलेला असतो आणि त्यावर फेऱ्याची लांबी ठरते.

दाराच्या कडेवर लॉक धरून ठेवणारे तीन स्क्रू असतात, चौफुली किंवा टॉर्क्स. इथं लोक हरतात. हे स्क्रू चिकटलेले असतात आणि २ नंबरचा पेचकस लावला की डोकं गोल होतं. ३ नंबरचा बिट पक्का बसवा, डोक्यावर हातोडीचे दोन-तीन ठोके द्या, म्हणजे गंजाची पकड सुटते, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. दार आतून जाम होऊन बंदच असेल तर हे तीनही स्क्रू चौकटीआड असतात. त्या दारावर वेळ घालवू नका, दुसरी गाडी पाहा.

कनेक्टर कुलपासारखा असतो, जीभ दाबून ओढायचा. तो काढून झाल्यावर समोरचा, म्हणजे दाराच्या वायरिंगकडचा अर्धा भाग, सहा-आठ इंच वायर ठेवून कापून घ्या. आपल्या गाडीतला कनेक्टर वितळलेला किंवा हिरवट झालेला निघाला तर हाच उपयोगी पडतो आणि दुकानात तो सुटा मिळत नाही. रबरी नळी घ्यायची असेल तर दोन्ही बाजूंनी फूटभर वायर ठेवून कापा. नव्या गाड्यांत दाराजवळ पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर ते एअरबॅगचं काम आहे. त्याला कात्री लावायची नाही.

किल्लीचा सिलिंडर दाराच्या पत्र्यातच राहू द्या. लॉक बदलताना आपला जुना सिलिंडर आपल्याच दारात राहतो, त्यामुळं किल्ली बदलत नाही. अख्खं दारच घेत असाल तर मात्र सिलिंडर अदलाबदल करावा लागतो; तो बहुधा एका सरकत्या यू आकाराच्या क्लिपवर बसलेला असतो.

जागेवरच चाचणी

पैसे देण्याआधी बॅटरी काढा. पेचकसानं पंजा बंद स्थितीत ढकला, कारण काही लॉकं पंजा उघडा असताना पूर्ण फेरा देत नाहीत. मोटरीच्या दोन पिना ओळखा: बहुधा जाड वायरींच्या त्याच. क्षणभर वीज द्या, मग टोकं उलटी करून पुन्हा. लॉक-अनलॉक दोन्ही बाजूंनी खुंटीचा दांडा शेवटपर्यंत जायला हवा. मग दांड्यावर बोट ठेवून हलका विरोध करा. चांगली मोटर बोट ढकलते, थकलेली गुरगुरून थांबते.

सेकंदापेक्षा जास्त वेळ वीज धरून ठेवू नका. टोकाला पोचलेली मोटर अडून राहते आणि तापते. बऱ्याच मोटरींत तापल्यावर प्रवाह रोखणारी चकती असते. म्हणून भराभर वीस-पंचवीस वेळा चालवली तर चांगली मोटरही थांबते आणि गार झाल्यावर पुन्हा चालते. मे महिन्यात ४५ अंशांत उन्हात ठेवलेलं लॉक तर याहून लवकर थांबतं. आठ-दहा फेरे, मध्ये थोडी उसंत, एवढं पुरे. उलट सावलीत गार असताना पहिल्या दोन झटक्यांना हलत नाही आणि तिसऱ्याला उठतं, ते लॉक नको. आतल्या कार्बनचा संपर्क गेलेला आहे. ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चाचणी करून दाखवणारे भेटतात. त्या सेलला ही मोटर ओढण्याइतका दम नसतो, त्यामुळं चांगली मोटरही मेलेली वाटते.

ड्रायव्हरच्या लॉकमध्ये स्विचही तपासा. मल्टिमीटर आवाजावर (जोड लागला की वाजतो त्या खुणेवर) लावून उरलेल्या पिनांच्या जोड्या पाहा: दांडा हलवला की एखादी जोडी लागायला-सुटायला हवी. पंजा उघडल्या-मिटल्यावर दुसरी एक जोडी बदलते, ती दार उघडं असल्याचा दिवा लावणारी. ही अडकलेली असेल तर लॉक बसवल्यावर गाडीला दार कायम उघडंच वाटतं, आणि कित्येक गाड्या मग रिमोटनं लॉकच होत नाहीत.

यार्डं आणि गॅरेजं, आमचं मत

महामार्गालगतच्या मोठ्या यार्डांत माल भरपूर, निवडीला वाव आणि गाड्या ओळीनं लावलेल्या. पण तिथं स्वतः काढू देतातच असं नाही. पोरगा जाऊन सब्बलीनं पॅड तोडून आणतो आणि सळयांच्या क्लिपा तिथंच मरतात. समोर उभं राहून काढून घेण्याचा हट्ट धरावा. परतीची हमी जवळपास कुठंच नसते, ‘चेक करून न्या’ हाच नियम, म्हणून वरची चाचणी तिथंच उरकायची. तालुक्याच्या गॅरेजमागच्या गाड्यांत निवड कमी, पण मालक ओळखीचा, गाडीचा इतिहास माहीत, आणि लॉक बसलंच नाही तर बदलून द्यायची तयारीही असते. भाव थोडा चढा असला तरी गावाकडच्या माणसाला हे दुसरं ठिकाणच परवडतं, कारण एका लॉकसाठी शंभर किलोमीटरचं पेट्रोल जाळणं यात कसली बचत?

भावाचा आमचा ढोबळ नियम: चाचणी झालेल्या अस्सल लॉकला नव्याच्या एक तृतीयांशाच्या वर देऊ नये. सळया, क्लिपा आणि कनेक्टर त्याच सौद्यात मागावेत. वेगळे विचारले की त्यांनाही भाव फुटतो. सुट्या मालाचे फोटो पाठवून पार्सल करणारेही आहेत, पण लॉकच्या बाबतीत तो व्यवहार आम्हाला पटत नाही. फोटोत मोटर कळत नाही.

कागदाचं दुर्लक्ष करू नका. चोरीच्या गाड्या तोडून भाग विकले जातात आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतो. ज्या गाडीतून भाग काढला तिचा चेसिस नंबर लिहिलेलं बिल मागा. ते द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून एक क्लिपही घेऊ नये. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रंही आता आहेत. तिथून भाग मिळत असेल तर कागदाची चिंता नाही.

युनिट आणि रिमोट का नको, हे इथंच सांगतो. किटचं युनिट रिमोटशिवाय निम्मं निकामी, आतले रिले जळकट, वायरिंगचा नकाशा कुठंच नाही. कंपनीचं युनिट असेल तर ते त्या गाडीच्या किल्लीशी आणि कित्येकदा इमोबिलायझरशी (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेशी) बांधलेलं असतं. दुसऱ्या गाडीत लावलं तर लॉक राहिलं बाजूला, गाडीच सुरू व्हायची नाही. शिवाय त्या युनिटचा दुसरा रिमोट कुणाच्या खिशात आहे, कुणास ठाऊक.

मोटर बदलायची तर

आपल्या लॉकचा पंजा उत्तम आणि फक्त मोटर गेली असेल, तर कबाडीतल्या कोणत्याही बाजूच्या लॉकमधली मोटर काढून आपल्यात घालता येते. एकाच गाडीच्या चारही लॉकांत बहुधा एकच मोटर असते, आणि बऱ्याच लॉकांत ती २८० मालिकेची लहान गोल-चपटी मोटर. म्हणजे ज्या दाराचं लॉक आपल्याला बसत नाही, ते स्वस्तात मिळत असेल तर मोटरीपुरतं घेता येतं. खोकं स्क्रूचं असेल तर काम सोपं. चिकटवून सांधलेलं असेल तर शिवणीवरून धारदार पात्यानं हळूहळू कापावं लागतं आणि बंद करताना इपॉक्सी लावावं लागतं. कापण्याआधी आतल्या दात्यांची जागा फोटोत घ्या, कारण स्प्रिंग सुटली की ती कुठून कुठं होती हे आठवत नाही.

मोटरीच्या दांड्यावर दाबून बसवलेला मळसूत्री गिअर असतो. जुन्याचा दांडा आणि नव्याचा दांडा जाडीला, लांबीला सारखा आहे ना, एका बाजूनं सपाट आहे की पूर्ण गोल, हे ताडून पाहा. गिअर ओढून काढताना चिरला तर सगळं फुकट, म्हणून शक्यतो गिअरसकट मोटर उचलावी. मोटर बसवताना टोकं उलटी पडली तर ते दार बाकीच्यांच्या उलट वागतं: तीन दारं लागतात तेव्हा हे उघडतं. खोकं चिकटवण्याआधी बॅटरीवर फेरा पाहून घ्या.

धुवायला कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, पेट्रोल-रॉकेल नाही. त्यानं प्लॅस्टिक फुगतं किंवा तडकतं. ग्रीस पांढरं लिथियम किंवा सिलिकॉनचं, तेही दात्यांवर बोटाच्या टोकाएवढं. चाकाचं पिवळं ग्रीस किंवा इंजिनचं काळं तेल घातलेलं लॉक आमच्याकडच्या धुळीत वर्षभरात पुन्हा लगदा होतं.

बसवताना

लॉक आत सरकवा, तीनही स्क्रू आधी हातानं लावा, सळया जोडा, मग स्क्रू आवळा. उलट क्रमानं केलं तर सळया ताणात बसतात. खुंटी हातानं वरखाली करा. जड लागत असेल तर मोटरीला ते ओझं रोज ओढावं लागणार आहे. किटची नवी मोटर लावत असाल तर तिचा फेरा जेमतेम १८ ते २० मिमी असतो. मोटर सळईच्या रेषेत बसवा, खुंटी आणि मोटर दोन्ही मध्यावर ठेवून सळई आवळा, आणि पत्र्यात घातलेल्या स्क्रूची टोकं काचेच्या वाटेत येत नाहीत ना ते काच पूर्ण खालीवर करून पाहा. पाच वायरींची मोटर ड्रायव्हरच्या दारात: दोन वायरी मोटरीच्या, तीन स्विचच्या. बाकी दारांना दोन वायरींच्या. ओम्नीच्या सरकत्या दाराला मोटर लावू नये असं आमचं मत आहे. त्या दाराची वायर टिकत नाही.

वायरीचा जोड रबरी नळीच्या आत कधीच द्यायचा नाही, वाकतो त्या भागाच्या दोन्ही बाजूंना द्यायचा. सोल्डर करून वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवा. साधी काळी टेप उन्हाळ्यात चिघळते, घसरते आणि जोड उघडा पडतो.

प्लॅस्टिक शीट फाटली असेल तर बदलल्याशिवाय पॅड लावू नका. जाड पॉलिथिन चालतं, खताच्या पोत्याच्या आतलं अस्तर धुऊन वापरलं तरी हरकत नाही. तिची खालची कड दाराच्या पत्र्याच्या आत वळवायची, म्हणजे काचेवरून उतरलेलं पाणी दारातच पडून तळाच्या भोकांतून बाहेर जातं. ती भोकं काळ्या मातीनं बुजलेली असतात. तारेनं मोकळी करा.

चाचणीसाठी पंजा पेचकसानं मिटवला असेल तर दार लावण्याआधी हँडल ओढून तो उघडा करा, नाहीतर मिटलेला पंजा चौकटीवरच्या कड्यावर आदळून वाकतो. मागचं दार असेल तर मुलांच्या लॉकचा खटका कुठल्या बाजूला आहे ते पाहून ठेवा. आणि पहिल्यांदा लॉक लावताना त्या दाराची काच पूर्ण खाली असू द्या, किल्ली खिशात.